जुने हॉलिवूड विनोदी सिनेमे: मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात सिनेमा शिकते. एका सेमिस्टरला हॉलिवूडचे सुरुवातीचे विनोदी सिनेमे हा विषय घेतला, तो निव्वळ आळसापोटी. सिनेमे छोटे, संवाद नाहीत, वाचायचं कमी. तो आळस अंगाशी आला. आता दर दुसऱ्या शनिवारी हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये पांढरी चादर टांगून मी हेच सिनेमे लोकांना दाखवते, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर प्रश्न यायला लागतात. ज्युनिअर विचारतात, मावशी विचारते, मैत्रिणीचा दहावीतला भाऊ तर रात्री अकराला विचारतो. तेच तेच टाइप करून कंटाळले म्हणून सगळं इथे एकत्र केलंय. प्रश्न त्यांच्याच शब्दांत आहेत. उत्तरं माझी आहेत आणि हट्टही माझेच.

१. ताई, यातलं मी काहीच पाहिलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

बस्टर कीटनच्या 'वन वीक'पासून (१९२०). वीसेक मिनिटांचा आहे. नव्या जोडप्याला भेट म्हणून घराचे सुटे भाग मिळतात, खोक्यांवर नंबर घातलेले. मुलीवर डोळा असलेला एक जण ते नंबर बदलून ठेवतो. मग जे घर उभं राहतं, ते बघा. शेवट सांगत नाही, फक्त रेल्वेचे रूळ दिसले की श्वास लगेच सोडू नका.

त्यानंतर हॅरॉल्ड लॉइडचा 'सेफ्टी लास्ट' (१९२३), मग चॅप्लिनचा 'द गोल्ड रश' (१९२५). 'सिटी लाइट्स' (१९३१) शेवटी. तारखांच्या क्रमाने पाहायला जाऊ नका. १९१४ चे कीस्टोन कंपनीचे सिनेमे म्हणजे लाथा, विटा आणि पळापळ. अभ्यासाला उत्तम आहेत, पण पहिल्याच भेटीत माणूस पळून जातो. मी स्वतः तिथूनच सुरू केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी विषय बदलता येतो का हे विचारायला ऑफिसात गेले होते.

२. चार्ली, बस्टर आणि हॅरॉल्ड यांच्यात फरक काय? मला सगळे सारखेच धडपडताना दिसतात.

धडपड सारखी असली तरी तिचं कारण प्रत्येकाचं वेगळं आहे. चॅप्लिनच्या भटक्याला समाजात जागाच नाही, पण ऐट मात्र साहेबाची. पँट ढगळ, कोट घट्ट, हॅट लहान, बूट मोठे. अंगावरची एकही गोष्ट मापाची नाही, आणि तरी तो छडी फिरवत चालतो.

कीटनचं भांडण माणसांपेक्षा वस्तूंशी जास्त: घर, बोट, आगगाडी, वादळ. तो त्यांच्यावर चिडत नाही. इंजिनिअरसारखा त्यांच्याकडे बघतो आणि उपाय काढतो. तो उपाय बरोबरही असतो, फक्त तोपर्यंत संकट बदललेलं असतं.

लॉइड म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमधला मुलगा. चश्मा, स्वच्छ शर्ट, नोकरी, लग्न ठरवायची घाई. त्याला वर चढायचंय, आणि 'सेफ्टी लास्ट'मध्ये हे अगदी शब्दशः घडतं (प्रश्न ६ पाहा). गंमत म्हणजे त्या चश्म्याला काचा नव्हत्या. १९१७ च्या आधी तो 'लोनसम ल्यूक' नावाचं पात्र करायचा. ते चॅप्लिनच्या वळणाचंच होतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. चश्मा आला आणि तो स्वतःसारखा दिसायला लागला.

३. माणसं एवढी भरभर का चालतात? तेव्हा सगळेच घाईत होते का?

कॅमेरा हाताने फिरवायचे. सेकंदाला किती फ्रेम पडणार ते कॅमेरामनच्या हातावर, साधारण सोळापासून चोवीसपर्यंत. बोलपट आल्यावर चोवीस हा आकडा पक्का झाला. सोळा-अठराने चित्रित केलेला सिनेमा चोवीसने चालवला की माणसं तुरुतुरु पळतात. टीव्हीवर आपण लहानपणी पाहिलेल्या कितीतरी प्रती अशा होत्या.

पण सगळा वेग चुकीचा नसतो. विनोदी सिनेमावाले मुद्दाम हळू फिरवायचे, म्हणजे पडद्यावर थोडं जलद दिसेल. पाठलागात तर हमखास. त्यामुळे अगदी नैसर्गिक वेगाला आणून ठेवलं तर गॅग, म्हणजे हशा पिकवणारी करामत, मरतो. जुन्या प्रतीच्या चांगल्या जीर्णोद्धारात हा वेग कानाने सूर लावावा तसा लावलेला असतो.

इथे एक कबुली. आमच्या पहिल्या शोला 'गोल्ड रश' फारच चपळ वाटत होता. लोक खूश होते, मीही भाषण ठोकलं, 'बघा, तेव्हाची ऊर्जा!' वगैरे. नंतर कळलं की माझ्या लॅपटॉपवरचा प्लेअर १.२५ वर अडकला होता. आदल्या रात्री मी त्यावर रेकॉर्ड केलेली लेक्चर्स उरकली होती.

४. मूकपट आहे तर मागे संगीत कसं? नंतर टाकलंय का?

बहुतेक वेळा हो. पण तेव्हा थिएटरात शांतता असायची असं समजू नका. लहान गावात एक पियानो, मोठ्या शहरात ऑर्गन किंवा अख्खा वाद्यवृंद. वाजवणारा पडद्याकडे बघत वाजवायचा. आज डिस्कवर जे ऐकू येतं ते बहुधा नंतर कोणीतरी बांधलेलं असतं, म्हणून एकाच सिनेमाच्या दोन प्रती वेगवेगळ्या वाटतात. 'सिटी लाइट्स' आणि 'मॉडर्न टाइम्स' याला अपवाद. त्यांचं संगीत स्वतः चॅप्लिनने रचलंय आणि ते फिल्मवरच आहे. संगीत पटत नसेल तर आवाज बंद करून बघा. विनोद टिकला तर सिनेमा चांगला.

५. रील्सवर हे सगळे सीन पाहून झालेत. अख्खा सिनेमा बघायची गरज काय?

मला सगळ्यात जास्त राग येणारा आणि सगळ्यात जास्त आवडणारा प्रश्न हाच.

हे सिनेमे जवळजवळ चौकोनी फ्रेमचे आहेत आणि त्यात माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो. हे मुद्दाम आहे. विनोद चेहऱ्यावर नाही, अख्ख्या शरीरात आहे, आणि ते शरीर कुठे उभं आहे त्यातही आहे. फोनच्या उभ्या पडद्यासाठी तो कापला की बाजूचं सगळं जातं. टीव्हीवाले आडवा भरायला कापतात तेव्हा वरून हॅट जाते, खालून बूट जातात. मग चॅप्लिनमध्ये उरलं काय?

उदाहरण घ्या. 'गोल्ड रश'मध्ये वादळाने लाकडी खोपट सरकत सरकत कड्याच्या टोकावर येऊन थांबतं. अर्धं जमिनीवर, अर्धं हवेत. आत चार्ली आणि त्याचा धिप्पाड साथीदार, दोघंही नुकते झोपेतून उठलेले, खिडक्यांवर बर्फ. काहीच पत्ता नाही. चार्ली हवेतल्या बाजूला गेला तरी खोपट हलत नाही, कारण जाड्या दुसऱ्या बाजूला उभा आहे. जाड्या थोडा पुढे आला की जमीन तिरकी. चार्लीला वाटतं आपल्यालाच चक्कर येतेय. दोघांची वजनं आणि त्यांच्यामधलं अंतर, एवढ्यावर सगळा सीन उभा आहे. मी एक क्लिप पाहिली त्यात जाड्या कापून टाकला होता. एक बारका माणूस उगाच घसरतोय, बास. खाली चारशे लोकांनी हसण्याच्या खुणा टाकल्या होत्या. कशाला हसले देव जाणे.

म्हणून आमच्या शोचा एकच नियम आहे: पाय दिसले पाहिजेत. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ देत.

६. घड्याळाला लोंबकळणारा माणूस खरंच इतक्या उंचावर होता का?

'सेफ्टी लास्ट'मधला हॅरॉल्ड लॉइड ना? अर्ध उत्तर हो, अर्ध नाही. ट्रिक कळली तरी तळहात ओले होतातच.

लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागातल्या इमारतींच्या गच्चीवर, कडेला, भिंतीचा खोटा तुकडा आणि घड्याळ उभारलं होतं. कॅमेरा अशा कोनात लावायचा की गच्ची दिसणार नाही, पण खाली धावणाऱ्या ट्राम आणि मोटारी दिसतील. हॅरॉल्ड जसजसा वर चढतो तसतसं जास्त उंच इमारतीवर चित्रीकरण. म्हणजे रस्ता खरा, उंची खरी, फक्त त्याच्या पायाखाली काही फुटांवर गाद्या घातलेली फळी. लॉइडने नंतर सांगितलं होतं की एकदा त्या गाद्यांवर पुतळा टाकून पाहिला, तर तो उसळून थेट रस्त्यावर गेला.

लांबून दिसणारी इमारतीवरची बारकी आकृती लॉइडची नाही. ते काम बिल स्ट्रॉथर करायचा. तो इमारती चढून दाखवणारा खराखुरा कसरतपटू होता. लॉइडने त्याला चढताना पाहिलं आणि त्यातूनच सिनेमा सुचला. सिनेमात हॅरॉल्डचा मित्र झालाय तोच हा. शिवाय लॉइड गेल्यानंतर (१९७१) एका स्टंटमननेही काही शॉट आपले असल्याचं सांगितलं.

आता तो उजवा हात नीट बघा. १९१९ मध्ये फोटो काढताना खोटा समजून हातात घेतलेला बॉम्ब खरा निघाला आणि लॉइडचा उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. 'सेफ्टी लास्ट' त्यानंतर चार वर्षांनी आला. म्हणजे घड्याळाचा काटा धरणारा तो हात तीन बोटांचा आहे, वर खास बनवलेला हातमोजा. प्रेक्षकांना हे त्याने कळू दिलं नाही. मी हे शोच्या आधी सांगत नाही. आधी सांगितलं की लोक सिनेमा सोडून बोटंच मोजत बसतात.

७. बस्टर कीटनवर घराची भिंत पडते ते खरं आहे? की कॅमेऱ्याची करामत?

खरं आहे. 'स्टीमबोट बिल ज्युनिअर' (१९२८), सॅक्रामेंटोजवळ उभारलेला सेट. घराची दर्शनी भिंत अख्खी पुढे कोसळते आणि पोटमाळ्याची उघडी खिडकी बरोबर त्याच्या अंगावरून जाते. भिंत खरीखुरी जड होती, कारण हलकी केली तर वाऱ्याने वाकडी झाली असती. खांद्यांच्या दोन्ही बाजूंना काही इंचांची मोकळीक. चित्रीकरण चालू असताना युनिटमधल्या काहींनी मान फिरवली होती.

आम्ही हा शॉट फ्रेम फ्रेम करून पाहिला. भिंत अंगावरून जाताना तो जागचा हलत नाही. धूळ उठते, मग तो आजूबाजूला बघतो आणि तेव्हा कुठे पळतो. विनोद त्या उशिरात आहे. भिंत फक्त भीती घालते.

'शेरलॉक ज्युनिअर' (१९२४) करताना रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचा लोट अंगावर पडून त्याची मान रुळावर आपटली. मानेचं हाड मोडलं होतं हे त्याला काही वर्षांनी, दुसऱ्याच कारणाने काढलेल्या एक्स-रेत कळलं. तो शॉट सिनेमात तसाच आहे.

८. म्हणजे बस्टरने कधीच डबल वापरला नाही?

डबल म्हणजे नटाऐवजी कसरत करणारा बदली माणूस. 'कधीच नाही' असं लिहिलेलं पोस्टर कुणी पाठवलं तर त्याला 'कॉलेज' (१९२७) दाखवा. त्यात तो बांबूवर उडी मारून खिडकीतून आत शिरतो. ती उडी ली बार्न्सची आहे, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला पोल व्हॉल्टचा सुवर्णपदक विजेता. कीटनला पडायला येत होतं, उडायला येत नव्हतं, आणि ते कबूल करायला त्याला लाज वाटली नाही.

९. तो कधीच हसत का नाही? आजारी होता का?

छे. तो आईवडिलांबरोबर नाटकमंडळीत लहानाचा मोठा झाला. 'द थ्री कीटन्स' असा त्यांचा खेळ होता आणि खेळ काय, तर बाप पोराला रंगमंचावर इकडून तिकडे फेकतो. नीट धरता यावं म्हणून पोराच्या कपड्यांना पाठीमागे बॅगेची मूठ शिवलेली. आपटल्यावर आपण हसलो तर लोक हसत नाहीत, तोंड कोरं ठेवलं तर छत डोक्यावर घेतात, हे त्याला तेव्हाच उमगलं.

आणि हसलाय की! १९१७ मध्ये तो विनोदी नट रॉस्को आर्बकलच्या सिनेमात छोटी कामं करत होता तेव्हाच्या 'कोनी आयलंड'मध्ये खदाखदा हसताना दिसतो. भुताने गाणं म्हणावं तसं वाटतं.

१०. सगळ्या सिनेमांत केक फेकतात ना?

फेकतात ते 'पाय', म्हणजे त्यांच्याकडची सारण भरलेली गोल बेकरीची वस्तू. आपले पाय नव्हेत, ते प्रश्न ५ मध्ये. आणि नाही, सगळ्यांत फेकत नाहीत. कीटनने स्वतःच्या सिनेमांत ते जवळजवळ टाळलं.

फेकाफेकीचा कळस म्हणजे लॉरेल-हार्डीचा 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी' (१९२७). तीनेक हजार पाय वापरले असं सांगतात. त्याचं दुसरं रीळ कित्येक दशकं अर्धवटच होतं, २०१५ मध्ये सापडलं. पाहिल्यावर लक्षात येतं की ती दंगल नाही, साखळी आहे. एकाला लागतो, तो थांबतो, पुसतो, विचार करतो, मग फेकतो आणि तो भलत्यालाच लागतो.

११. अगं, आमच्याकडे बाबा ज्यांना जाड्या-रड्या म्हणायचे ते याच काळातले का? (मावशी)

हो मावशी, तेच. स्टॅन लॉरेल आणि ऑलिव्हर हार्डी, निर्माता हॅल रोचच्या स्टुडिओत १९२७ पासून जोडी. बारका लॉरेल इंग्लंडचा. फ्रेड कार्नोच्या नाटकमंडळीत तो चॅप्लिनचा बदली नट होता आणि १९१० मध्ये दोघे एकत्रच अमेरिकेला आले. बोलपट आला तेव्हा बाकीचे गडबडले, हे दोघे मात्र उलट खुलले, कारण त्यांचा वेग मुळातच संथ होता, बोलायला जागा होती. 'द म्युझिक बॉक्स' (१९३२) बघ, ऑस्कर मिळालंय त्याला. पियानोचं खोकं लांबलचक जिन्याने वर न्यायचं, एवढीच गोष्ट. तो जिना लॉस एंजेलिसमध्ये अजून आहे. आपल्याकडे चाळीतून गोदरेजचं कपाट चढवताना पाहिलेल्या कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

१२. बायका फक्त हिरोने वाचवायला आहेत का?

पुष्कळदा हो, आणि त्याबद्दल सारवासारव करण्यात अर्थ नाही. पण मेबल नॉर्मंड हे नाव लिहून ठेवा. कीस्टोनची ती मोठी तारका, आणि १९१४ मध्ये ती स्वतः दिग्दर्शन करत होती. नुकता आलेला चॅप्लिन 'मेबल ॲट द व्हील'च्या सेटवर तिच्याशी भांडला, कारण एका मुलीकडून सूचना घ्यायला त्याची तयारी नव्हती. तेव्हा त्याचा पगार आठवड्याला १५० डॉलर होता. दोन वर्षांनी तोच आठवड्याला १०,००० डॉलर, वर दीड लाखाचा बोनस घेत होता. मेबलचं नाव मात्र आज परीक्षेपुरतं उरलंय. १९१४ च्याच 'टिलीज पंक्चर्ड रोमान्स'मध्ये ती, चॅप्लिन आणि मेरी ड्रेसलर तिघंही आहेत, आणि सिनेमा खाऊन टाकते ड्रेसलर.

१३. बोलपट आले आणि हे सगळे संपले, आवाज वाईट होते म्हणून. बरोबर?

चूक. वर्गातही असंच सांगतात, तरी चूक. कीटनचा आवाज चांगला खर्जातला होता. लॉइडचा साधा होता पण अडचणीचा नव्हता. चॅप्लिन तर उत्तम बोलायचा.

मला विचाराल तर प्रश्न आवाजाचा नव्हता, मालकीचा होता. चॅप्लिनचा स्वतःचा स्टुडिओ होता, आणि १९१९ मध्ये मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स हे तारे आणि दिग्दर्शक ग्रिफिथ यांच्याबरोबर त्याने युनायटेड आर्टिस्ट्स ही वितरण कंपनी काढली होती. 'बोल' म्हणून सांगणारं वर कोणी नव्हतं. म्हणून बोलपट येऊन नऊ वर्षं झाल्यावरही, १९३६ मध्ये, तो 'मॉडर्न टाइम्स'मध्ये भटक्याला अर्थहीन शब्दांचं गाणं म्हणायला लावून मोकळा झाला. लॉइडकडे त्याच्या बहुतेक सिनेमांचे हक्क आणि भरपूर पैसा होता. लोकांची आवड बदलल्यावर तो आरामात बाजूला झाला.

कीटनने १९२८ मध्ये एमजीएम या बड्या स्टुडिओशी करार केला, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक तीच असं तो पुढे म्हणायचा. त्याची पद्धत अशी होती की सुरुवात आणि शेवट ठरवायचा, मधलं सेटवर सापडेल. अडलं तर सगळी टोळी बेसबॉल खेळायची. मोठ्या स्टुडिओत प्रत्येक पान आधी मंजूर व्हावं लागे. शिवाय 'द जनरल'ने (१९२६) त्याचं नाव आधीच खराब केलं होतं. त्यात त्याने ऑरेगनमध्ये खरा पूल जाळून खरं इंजिन नदीत पाडलं. शॉट एकच, पुन्हा घेण्याचा प्रश्नच नाही. तिकीटबारीवर सिनेमा पडला. आज त्याची गणना सर्वोत्तमांत होते. ते इंजिन दुसऱ्या महायुद्धात भंगारात जाईपर्यंत नदीतच होतं.

१४. गांधीजींना भेटून चॅप्लिनने 'मॉडर्न टाइम्स' काढला हे खरं?

भेट खरी आहे. २२ सप्टेंबर १९३१, लंडनच्या पूर्व भागातल्या कॅनिंग टाउनमध्ये. गांधीजी गोलमेज परिषदेसाठी आले होते आणि चॅप्लिन कोण हे त्यांना सांगावं लागलं होतं. यंत्रांना विरोध का, हे चॅप्लिनने विचारलं, गांधीजींनी समजावलं. पाच वर्षांनी सिनेमा आला. पण कारखान्यांचा पट्टा, मंदी, बेकारी हे तो अमेरिकेत रोज बघत होता. एका भेटीतून सिनेमा निघत नाही, फार तर एखादा धागा पक्का होतो.

१५. आपल्या सिनेमावर यांचा परिणाम झाला का?

झाला, पण 'सगळं तिकडूनच आलं' असं नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला तेव्हा चॅप्लिन अजून कॅमेऱ्यासमोर उभाही राहिला नव्हता. नंतर मात्र नूर मोहम्मद या नटाने 'चार्ली' हे नावच घेतलं, आणि राज कपूरच्या १९५० च्या दशकातल्या आखूड पँटला तर पत्ता विचारायला नको.

१६. काही ठिकाणी काळ्या लोकांची थट्टा आहे. मुलांना दाखवू का?

दाखवा, पण आधी स्वतः बघा. कीटनच्या 'सेव्हन चान्सेस' आणि 'कॉलेज'मध्ये तोंडाला काळं फासून केलेले विनोद आहेत. 'द जनरल'मध्ये नायक अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढणाऱ्या बाजूचा आहे आणि सिनेमाला त्याचं काही वाटत नाही. 'सेफ्टी लास्ट'मधला ज्यू सराफही ठरीव साच्यातला. 'तो काळच तसा होता' हे उत्तर मला पुरत नाही, कारण त्याच काळात ज्यांची थट्टा होत होती ते लोकही तिकीट काढून बसलेले होते. मी असे प्रसंग कापत नाही. सिनेमा संपल्यावर दिवे लावून त्याबद्दल बोलतो. एकदा एक मुलगा म्हणाला, 'आपल्या विनोदी नाटकातला भय्या आणि मद्रासी यापेक्षा काय वेगळा?' त्या दिवशी आम्ही जेवायला उशिरा गेलो.

१७. 'गोल्ड रश'च्या दोन प्रती मिळतात. एकीत माणूस बोलतोय. खरी कोणती?

१९२५ ची मूळ. १९४२ मध्ये चॅप्लिनने संवाद लिहिलेल्या पाट्या काढून स्वतःच्या आवाजात निवेदन टाकलं, संगीत घातलं आणि शेवटचं चुंबनही कापलं. दोन्ही त्याच्याच हातच्या, त्यामुळे 'खरी' म्हणणं अवघड, पण जे दिसतंय तेच तो बोलून दाखवतो आणि माझा जीव कासावीस होतो. मूळ बघा. बूट शिजवून खातात तो प्रसंग दोन्हींत आहे. बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा होता, आणि बऱ्याच टेकनंतर पोटांचं काय झालं ते ज्येष्ठमधाचे गुण जाणणाऱ्यांना सांगायला नको.

निदान निवडायला दोन आहेत हे नशीब. अमेरिकेतले जवळपास ७०% मूक कथापट कायमचे गेले. नायट्रेटची फिल्म कुजते, पेटते. लॉइडच्या स्वतःच्या घरच्या साठ्यात १९४३ मध्ये आग लागून त्याचे सुरुवातीचे कितीतरी सिनेमे गेले. कीटनचे काही वाचले ते त्याचं जुनं घर पुढे नट जेम्स मेसनने घेतलं आणि तिथे डबे सापडले म्हणून.

१८. सोसायटीच्या गणपतीत दाखवले तर कॉपीराइटचं काय?

मी वकील नाही, पण एवढं कळतं. आपल्या कायद्यात सिनेमाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, म्हणजे १९२० च्या दशकातलं चित्र मोकळं. संगीत मात्र वेगळं मोजतात, रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. चॅप्लिन १९७७ मध्ये गेला, म्हणजे 'सिटी लाइट्स'चं चित्र आणि त्याचं संगीत यांचा हिशोब एक नाही. नव्या डिस्कवरचं नवं संगीतही तसंच. सोपा उपाय: कीटनचा छोटा सिनेमा निवडा, आवाज बंद करा, आणि सोसायटीतल्या पेटी-तबलेवाल्या पोरांना समोर बसवा. आमच्याकडे 'वन वीक'ला एकाने ढोलकी वाजवली होती. घर गरगर फिरायला लागल्यावर त्याने जो ठेका धरला, तो कुठल्याच डिस्कवर नाही.

१९. पाय दिसले पाहिजेत म्हणता, मग 'सिटी लाइट्स' चेहऱ्यावर का संपतो?

हा प्रश्न दहावीतल्या त्या पोराचा. दोन दिवस उत्तर सुचलं नाही.

आधी त्या सिनेमाची सुरुवात आठवा. फुलं विकणारी आंधळी मुलगी भटक्याला श्रीमंत समजते. पण का समजेल? या प्रश्नावर चॅप्लिन अडकून पडला आणि तो प्रसंग त्याने शेकडो वेळा घेतला. उत्तर सापडलं ते मोटारीच्या दारात. पोलीस टाळायला भटक्या उभ्या मोटारीत एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने उतरतो, दार लागतं, आणि तिला वाटतं साहेब उतरले. मूकपटातला सगळ्यात महत्त्वाचा आवाज, आणि आपल्याला तो ऐकू येत नाही, दिसतो. मग खरा मालक येऊन दार लावून निघून जातो. तिला वाटतं साहेब सुटे पैसे न घेताच गेले. भटक्या चवड्यांवर, आवाज न करता बाजूला सरकतो आणि बसून तिच्याकडे बघत राहतो. ती डबा विसळते आणि पाणी त्याच्या तोंडावर. इथे पाय लागतात, चवडे लागतात, दोघांमधलं अंतर लागतं.

शेवटी तिला दिसायला लागलेलं असतं. फुलांचं दुकान असतं. काचेपलीकडे फाटका माणूस बघून ती हसते, म्हणजे आत्तापर्यंत आपण हसत होतो तशीच, लांबून. मग बाहेर येऊन फूल देते, नाणं देते, नाणं ठेवायला त्याचा हात धरते. बोटं थांबतात. ती हात चाचपते, मग बाही, मग खांदा. जसं आंधळी असताना चाचपायची तसं. कॅमेरा जवळ येतो कारण आता दोघांमध्ये अंतरच उरलेलं नाही. त्याच्या तोंडापाशी फूल आणि बोटं, आणि तो हसतोय की घाबरलाय ते ठरत नाही.

हे मी त्या पोराला लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं: 'ओके ताई. पण मग बूट?'

पुढच्या शनिवारी बघू म्हटलं.